दळण कोणाच्या हाती?

१८ जुलै २०२२ पासून पिठाच्या बंद पिशवीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा देशभर बराच गदारोळ उठला. त्यापूर्वी, म्हणजे जुलै २०१७ पासून, हा कर नोंदणीकृत नाममुद्रा असलेल्या पिठापुरता मर्यादित होता. २०२२च्या बदलाने २५ किलोपर्यंतचे, आधीच बांधलेले आणि लेबल लावलेले कोणतेही पीठ त्याच्या कक्षेत आले. विरोधकांनी 'अन्नावर कर' अशी हाकाटी केली, तर सुटे पीठ करमुक्तच आहे, हे सरकार परोपरीने सांगत राहिले. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्याचा अंश होता. परंतु या वादात एका गोष्टीची चर्चा व्हायला हवी होती, ती झाली नाही. पिठाची पिशवी ही कर बसवण्याजोगी वस्तू झाली, याचाच अर्थ ती घरोघर पोहोचली होती. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मराठी मध्यमवर्गीय घरात विकतचे पीठ आणणे कमीपणाचे मानले जाई. पाहुण्यासमोर ते कबूलही केले जात नसे. आज त्याच घरातील दळणाचा डबा माळ्यावर गेला आहे, आणि मुलांना 'दळण टाकून ये' या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो.

याबद्दल केवळ हळहळण्यात अर्थ नाही. दळणाचा इतिहास हा मुख्यतः स्त्रीच्या कष्टांचा इतिहास आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. पहाटे उठून जात्याचा खुंटा धरणाऱ्या सासुरवाशिणीचे चित्र कवितेत कितीही गोड वाटले, तरी कुटुंबाला पुरेल इतके पीठ काढताना तिचे खांदे भरून येत. त्या कष्टांतूनच ओवी जन्मली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्यातून चालवलेल्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. हे वाङ्मयीन धन अमोल आहे यात शंका नाही. पण ओवी टिकावी म्हणून जाते टिकावे, असे ते ओढणारी कोणतीही माउली म्हणणार नाही. गावात इंजिनाची आणि पुढे विजेची गिरणी आली, तेव्हा तिने स्त्रीच्या दिवसातील काही तास मोकळे केले. कोणत्याही सुधारकाच्या व्याख्यानाइतकेच हे मोठे काम होते. आज पिठाची पिशवी तेच काम आणखी एक पाऊल पुढे नेते, असा युक्तिवाद केला जातो, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

तरीही जाते ते गिरणी आणि गिरणी ते पिशवी या दोन संक्रमणांत एक मूलभूत भेद आहे. जात्याऐवजी गिरणी आली तेव्हा फक्त श्रम बदलले. धान्य घरचेच राहिले. गहू कोणता घ्यायचा, तो किती दिवस उन्हात घालायचा, त्यात चार दाणे मेथीचे टाकायचे की नाही, पोळीसाठी बारीक दळायचा की लाडवासाठी जाडसर, हे सारे निर्णय घरातच होत. पिशवी घेतली की हे निर्णय घराबाहेर जातात. दळणाबरोबर धान्याची निवडही दुसऱ्याच्या हाती जाते, हा या स्थित्यंतराचा खरा अर्थ आहे.

पीठ तयार करण्याच्या तंत्रातील घडामोडी या दृष्टीने मोठ्या बोधप्रद आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हंगेरीतील बुडापेस्ट आणि अमेरिकेतील मिनियापोलिस ही शहरे पीठ उद्योगाची केंद्रे झाली, ती रोलर पद्धतीच्या गिरण्यांमुळे. दोन दगडांत दाणा चिरडण्याऐवजी वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या रुळांमधून तो टप्प्याटप्प्याने फोडायचा, चाळायचा, कोंडा आणि अंकुर बाजूला काढायचा आणि आतला पांढरा भाग दळत राहायचा, अशी ही पद्धत. तीतून साधारण तीन-चतुर्थांश पांढरे पीठ निघते आणि उरलेला कोंडा पशुखाद्यात जातो. पाश्चात्त्यांचा पाव या पिठाचा उत्तम होतो. शिवाय अंकुरातील तेल निघून गेल्याने ते पीठ महिनोन्‌महिने टिकते, बोटीतून साता समुद्रांपार नेता येते. पण दाण्यातील जीवनसत्त्वे आणि लोह यांचा मोठा वाटा त्या काढून टाकलेल्या भागातच असतो. ब्रिटनला दुसऱ्या महायुद्धात याची जाणीव झाली. आधी जास्त कोंडा ठेवलेल्या पिठाचा 'नॅशनल लोफ' सक्तीचा झाला आणि युद्धानंतर पांढऱ्या पिठात लोह व जीवनसत्त्वे घालणे कायद्याने बंधनकारक करण्यात आले. आधी काढून घ्यायचे आणि मग मोजून परत घालायचे, अशी ही उलटी गंगा आहे.

भारतातही रोलर गिरण्या आल्या. रवा, मैदा आणि कोंडा वेगळा काढून उरलेल्या भागाचे पीठ त्या बाजारात पाठवू लागल्या. बेकरीवाल्यांनी आणि हलवायांनी त्यांचे स्वागत केले. गृहिणीने मात्र त्या पिठाकडे पाठ फिरवली, कारण पोळी वातड होई. कारण शास्त्रीय होते. दगडी चक्कीत दाबाने आणि उष्णतेने गव्हातील स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात फुटतात. फुटलेला स्टार्च पाणी अधिक शोषतो, कणीक अधिक पाणी धरते आणि पोळी मऊ राहते, फुगते. रोलरच्या पिठात हे कमी होते. अखेर पिठाच्या व्यवसायात उतरलेल्या मोठ्या कंपन्यांना गृहिणीची ही परीक्षा मान्य करावी लागली. हिंदुस्थान लिव्हरने नव्वदच्या दशकात 'अन्नपूर्णा' आणले, आयटीसीने २००२ मध्ये 'आशीर्वाद' आणले. या बाजारात विकले गेले ते 'चक्की आटा' याच नावाने, आणि त्यासाठी कारखान्यांत ओळीने दगडी चक्क्या बसवाव्या लागल्या. अद्ययावत पाश्चात्त्य यंत्राला भारतीय पोळीपुढे हार मानून दगडाकडे परत यावे लागले, या घटनेची नोंद उद्योगाच्या इतिहासात व्हावी तशी झालेली नाही. (या धंद्यातील नफा वाटतो तितका सोपा नाही, हेही खरे. हिंदुस्थान युनिलिव्हरने २०२३ मध्ये 'अन्नपूर्णा' ही नाममुद्राच विकून टाकण्याचे जाहीर केले.)

मग गल्लीतली चक्की आणि कारखान्यातील चक्की यांत फरक उरला तो काय? गव्हाच्या बाबतीत तो बराचसा ताजेपणाचा आणि निवडीचा आहे. गावाकडून आलेला लोकवन, सिहोरचा शरबती, सणासाठी खास राखलेला खपली यांची चव मिश्र गव्हाच्या पिशवीत सापडत नाही. लोकवन म्हणजे मूळचा 'लोक-१'. गुजरातमधील सणोसरा येथील लोकभारती या ग्रामविद्यापीठाने तयार केलेले हे वाण आहे; त्याच्या नावातील 'लोक' तेथूनच आला. एका ग्रामीण शिक्षणसंस्थेचे वाण महाराष्ट्राच्या घराघरांत इतके रुजले की ते गव्हाचे जातिवाचक नाव होऊन बसले. पिशवीतील पिठावर वाणाचे नाव बहुधा नसतेच. 'मल्टिग्रेन' असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या पिशवीची मागची बाजू वाचली, तर पहिले नाव गव्हाचेच आढळते. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे. त्यामुळे नाचणी, सोयाबीन, ओट यांचा वाटा किती, हे सुज्ञ ग्राहकाला ताडता येते.

भरड धान्यांच्या बाबतीत मात्र फरक चवीचा नाही, तो अस्तित्वाचाच आहे. बाजरीच्या दाण्यात अंकुराचा भाग मोठा असतो आणि स्निग्धांश सुमारे ५ टक्के. गव्हात तो त्याच्या निम्म्याहूनही कमी. दाणा अखंड असेपर्यंत हा स्निग्धांश सुरक्षित राहतो. दळला की दाण्यातीलच विकर त्यावर काम करू लागतात, आणि आठवड्याभरात पीठ कडू पडते. भोगीला तीळ लावून केलेली बाजरीची भाकरी ज्यांच्या घरी होते, त्यांना हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. बाजरीचे दळण थोडे आणि वरचेवर आणायचे, हा त्यांचा पिढीजात नियम आहे. ज्वारीचे पीठ इतक्या लवकर कडू होत नसले, तरी त्याची विरी जाते. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने पिठाला एकत्र धरून ठेवते ती ताजेपणातली चिकटी आणि आधणाचे पाणी. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच चिरते. नाचणीचे पीठ त्या मानाने टिकाऊ, कारण तिच्यात स्निग्धांश फार थोडा. आणि थालीपिठाची भाजणी महिनाभर चांगली राहते, ती धान्ये आधी खमंग भाजली जातात म्हणून. उष्णतेने ती खट्याळ विकरे निकामी होतात. हैदराबादच्या भारतीय भरड धान्य संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी बाजरीचे पीठ टिकवण्यासाठी उष्णतेच्या ज्या प्रक्रिया अभ्यासल्या जातात, त्यांचे तत्त्व आजीच्या कढईतील तत्त्वाहून फार दूरचे नाही.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे केले. 'श्रीअन्न' हा शब्द अर्थसंकल्पात आला, बिस्किटे आणि कुरकुरीत पदार्थ बाजारात आले. पण श्रीअन्न रोजच्या ताटात यायचे तर ते भाकरीच्या रूपानेच येणार, आणि भाकरी हवी तर हाकेच्या अंतरावर गिरणी हवी. सहा महिने टिकण्याची हमी ज्या बाजारव्यवस्थेचा पाया आहे, ती व्यवस्था ताज्या बाजरीच्या पिठाचा विचार करूच शकत नाही. ती गव्हाला अनुकूल आहे, आणि गव्हाकडेच ग्राहकाला वळवत राहते.

महाराष्ट्राच्या शेतीवर याचे सावट पडलेले दिसते. १९६०-६१ मध्ये राज्यात ज्वारीखाली सुमारे ६३ लाख हेक्टर क्षेत्र होते. आज ते त्याच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी आहे. याला केवळ पिठाची पिशवी जबाबदार आहे, असे म्हणणे अर्थातच भाबडेपणाचे ठरेल. सोयाबीनचा आणि उसाचा पैसा, काढणीला न मिळणारे मजूर, बैल कमी झाल्याने घटलेली कडब्याची मागणी, रेशनवर मिळणारा गहू ही कारणे अधिक प्रबळ आहेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; ती पिकवणाऱ्या शेतकऱ्याला मानांकनाचे प्रमाणपत्र पुरेसे नाही, त्याला ज्वारी दळून खाणारी घरे हवी आहेत. पुण्या-मुंबईत भाकरी हॉटेलात जाऊन खाण्याचा पदार्थ झाली, हे त्याच्या दृष्टीने सुचिन्ह म्हणता येणार नाही.

गिरणी का मागे पडली, याची कारणे मात्र प्रामाणिकपणे पाहिली पाहिजेत. पूर्वी उन्हाळ्यात वर्षाची बेगमी होई. धान्य वाळवायला गच्ची किंवा अंगण होते, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायला कोठ्या होत्या, निवडायला घरात चार माणसे होती. दोन खोल्यांच्या सदनिकेत आणि दोघेही नोकरीवर जाणाऱ्या संसारात यातले काहीच उरले नाही. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर वीज येईल तेव्हा दळण, अशी गत झाली. त्यातच गिरणीवाल्यांचे दोषही होते. जळमटे लोंबणारी खोली, उघडे फिरणारे पट्टे, टाकी लावल्यावर नीट साफ न केलेल्या दगडाची कचकच, एकाच्या डब्यात दुसऱ्याच्या दळणाचे शेपूट. 'गव्हावर गहूच टाका' असे सांगूनही ज्वारीवर गहू दळणारा गिरणीवाला ग्राहकाला स्वतःच पिशवीकडे ढकलत होता. ग्लुटेन न चालणाऱ्या रुग्णासाठी तर अशी गिरणी धोक्याची असते. आता जुन्या चाळी आणि वाडे पाडून इमारती उठतात, तेव्हा नव्या आराखड्यात औषधाचे दुकान असते, बँकेचे यंत्र असते; आवाज आणि धूळ नको म्हणून गिरणीला जागा नसते. पुनर्विकासाच्या करारावर सह्या करताना आपले दळण उद्या कोठे होणार, हा प्रश्न सभासदांच्या मनातही येत नाही.

दळण मोजक्या हातांत एकवटले की काय होते, याचा धडा दूरच्या मेक्सिको देशाने घेतला आहे. तेथील रोजचे अन्न म्हणजे मक्याची पोळी, टॉर्टिला. चुन्याच्या पाण्यात उकळलेला मका वाटून देणाऱ्या छोट्या गिरण्या तेथे मोहल्ल्यामोहल्ल्यांत होत्या. त्यांच्या जागी कारखान्यातील मक्याचे तयार पीठ हळूहळू येत गेले. सरकारी धोरणानेही नव्वदच्या दशकात त्याला हात दिला, आणि त्या बाजाराचा फार मोठा हिस्सा एका कंपनीकडे एकवटला. जानेवारी २००७ मध्ये टॉर्टिलाचे भाव भडकले, तेव्हा हजारो लोक राजधानीच्या रस्त्यावर उतरले आणि सरकारला उत्पादकांशी बोलणी करून भाव बांधून घ्यावे लागले. अमेरिकेत मका इथेनॉलकडे वळल्याने बाजार तापला होता. पण ती झळ सोसणाऱ्या सामान्य घराजवळ धान्य घेऊन स्वतः दळून आणण्याचा पर्याय फारसा शिल्लक राहिलेला नव्हता. भारतात परिस्थिती तेथवर गेलेली नाही. तरी २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर गव्हाचे भाव चढले, मे महिन्यात गव्हाची आणि ऑगस्टमध्ये पिठाची निर्यात रोखावी लागली, आणि ६ नोव्हेंबर २०२३ पासून केंद्र सरकारला स्वतःच 'भारत आटा' २७ रुपये ५० पैसे किलो दराने बाजारात उतरवावा लागला. ग्राहकाला त्यातून दिलासा मिळाला; पण पिठाच्या भावासाठी सरकारला स्वतःची पिशवी काढावी लागते, यातून गव्हाच्या भावापेक्षा पिशवीचा भाव हाच आता राजकीय प्रश्न झाला आहे, हे दिसून आले.

गल्लीतील गिरणीला आज मोठा आधार आहे तो रेशनचा, ही गोष्ट मध्यमवर्गाच्या सहसा लक्षात येत नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे ८१ कोटी लोकांना मिळणारे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे, आणि महाराष्ट्रात रेशनचा गहू दाण्याच्या रूपात मिळतो. तो दळायला गरीब घरातील बाई गल्लीतल्याच गिरणीत जाते. काही राज्यांनी वेगळी वाट धरली. पश्चिम बंगालने रेशनवर गव्हाऐवजी पीठ दिले. पंजाबने फेब्रुवारी २०२४ मध्ये घरपोच पिठाची योजना सुरू केली. लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळलेल्या पिठाची मानके अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये ठरवली असल्याने 'पोषणयुक्त पीठ' देण्याचा मोह सर्वच राज्यांना होणे स्वाभाविक आहे. रक्तक्षयाचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर उपाय हवाच. परंतु मिसळण्याचे काम मोठ्या गिरण्यांतच होऊ शकते, असे गृहीत धरून दाण्याऐवजी पीठ वाटले, तर खेडोपाडी आणि झोपडवस्त्यांत चालणाऱ्या हजारो गिरण्यांचा धंदा एका परिपत्रकाने संपेल. असा निर्णय महाराष्ट्रात कधी विचारासाठी आला, तर लोकप्रतिनिधींनी त्याचा हा भाग आधी तपासला पाहिजे.

उपाय अवघड नाहीत, आणि त्यांची साधने बहुतांशी आहेतच. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागाकडून ग्रामीण महिलांना अनुदानावर पिठाच्या गिरण्या दिल्या जातात. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद ठेवली गेली. उणीव आहे ती योजनेमागच्या विचाराची. गावात चार घरी चार गिरण्या वाटल्या की दोन वर्षांत तीन बंद पडतात. त्याऐवजी बचतगटाला एकच चांगली गिरणी, तिला झाकलेला पट्टा, धूळ ओढणारा पंखा, आणि गहू, भरड धान्ये व उपवासाचे पदार्थ यांसाठी वेगवेगळे दगड मिळाले, तर ती टिकेल. शहरात घरघंटीचा पर्याय अनेक कुटुंबांनी स्वीकारला आहे, तो स्वागतार्हच. तिच्यात दगड नसतो. फिरणारी पाती दाणा फोडतात आणि जाळीच्या छिद्रांवर पिठाचा बारीकपणा ठरतो. त्यामुळे तिच्या पिठाची पोळी चक्कीइतकी मऊ होत नाही, ही अनेकींची तक्रार खरी आहे. पण ज्वारी, बाजरी आणि नाचणीसाठी ती उत्तम. एका इमारतीत वीस घरघंट्या धूळ खात पडण्यापेक्षा सोसायटीने तळमजल्यावर एक सामाईक यंत्र ठेवणे शहाणपणाचे.

ज्या गिरणीवाल्यांनी काळ ओळखला आहे, ते फोनवर दळणाची नोंद घेतात, संध्याकाळी डबा घरपोच करतात, स्वतःच निवडलेला लोकवन आणि मालदांडी ज्वारी विकायला ठेवतात आणि ग्राहकासमोर दळून देतात. नोकरी करणाऱ्या गृहिणीला पिशवीत मिळणारी सगळी सोय त्यात आहे, शिवाय पीठ गरम असते. ते घरी आणल्यावर झाकण लावण्याआधी डबा थोडा वेळ उघडा ठेवावा लागतो, एवढेच.